तळ्याचा हिशेब कोठे चुकतो ?

सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याने निघाले, की शहराची वस्ती मागे पडते न पडते तोच हिप्परग्याचा तलाव दिसू लागतो. कागदोपत्री त्याचे नाव एकरुख. आदिला नदीवर मातीचा भराव घालून बांधलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला, आणि सोलापूरकरांच्या कित्येक पिढ्यांनी त्याचे पाणी प्यायले आहे. धरणांच्या नोंदीत त्याची एकूण साठवणक्षमता ६१.१६ दशलक्ष घनमीटर दिलेली असते. हाच आकडा हजार घनमीटर या एककात ६१,१६० असा लिहिला जातो. पुढे कोणीतरी तो उतरवून घेताना एककाच्या संक्षेपाचा अर्थ चुकीचा लावला आणि काही माहितीसंग्रहांत एकरुखची क्षमता ६१,१६० घन किलोमीटर अशी नोंदली गेली. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर हे प्रचंड सरोवर सुमारे १२,१०० घन किलोमीटर पाण्याचे आहे. त्या हिशेबाने आपला हिप्परगा सुपीरियरच्या पाचपट भरतो !

ही चूक दहा लाख पटीची आहे, म्हणूनच ती निरुपद्रवी आहे. ती वाचताच कोणीही हसेल. परंतु हिशेबातील चूक दुप्पट किंवा अडीचपट एवढीच असेल, तर कोणी हसत नाही. कागद पुढे सरकतो, त्यावर सह्या होतात, भराव पडतो. आणि मग एक तर तळे चार वर्षे कोरडे राहते, किंवा एखाद्या रात्रीच्या पावसात बांध फुटून खालच्या शिवारातील माती वाहून जाते.

जलसंधारणाच्या कामांची अंदाजपत्रके आता संगणकावर तयार होतात. पाणलोट क्षेत्र, पाऊस, जमिनीचा प्रकार, तळ्याची मापे एवढे आकडे भरले, की आज्ञावली क्षणार्धात येणारे पाणी, पुराचा विसर्ग आणि सांडव्याची लांबी सांगते. छापून आलेल्या सुबक तक्त्याचा ग्रामसभेवर एक प्रकारचा दबाव पडतो. वास्तविक गुणाकार-भागाकारात संगणक सहसा चुकत नाही. चूक असते ती त्याला पुरविलेल्या आकड्यांत, किंवा दुसऱ्या देशाच्या जमिनीवरून बांधलेल्या व आज्ञावलीत मुळातच बसविलेल्या गृहीतकांत. ती शोधून काढण्यास अभियांत्रिकीची पदवी लागतेच असे नाही. प्रस्तुत लेखकापाशीही ती नाही. तिसरी-चौथीचे अंकगणित व आपल्या शिवाराची ओळख एवढ्या भांडवलावर पुष्कळ काही तपासता येते.

एका तळ्याचे दोन हिशेब

सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास आहे. तेही सारखे पडत नाही. जून-जुलैत ढग हुलकावणी देतात आणि खरा भर असतो तो सप्टेंबरवर. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील हजारो माणसे तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर राबली. आणि याच जिल्ह्याने ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टी व सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला महापूरही पाहिला. म्हणजे येथील प्रत्येक तळ्याला दोन परीक्षा द्यावयाच्या असतात. कमी पावसाच्या वर्षी त्यात काहीतरी पाणी आले पाहिजे, आणि अतिवृष्टीच्या रात्री त्याचा बांध टिकला पाहिजे.

पहिल्या परीक्षेसाठी वर्षभरात एकूण पाणी किती येईल हे पाहावे लागते. दुसरीसाठी अर्ध्या तासात पाणी किती वेगाने येईल हे पाहावे लागते. हे दोन निरनिराळे हिशेब असून दोहोंची सामग्रीही निराळी आहे. एकाची सामग्री दुसऱ्यात घालणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय.

समजा, उत्तर सोलापूर तालुक्यातील एखाद्या गावी ४० हेक्टर पाणलोटावर तळे घ्यावयाचे आहे. हंगामाचा पाऊस ५०८ मिलीमीटर, म्हणजे जुन्या मापाने २० इंच धरू. एक मिलीमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होते. हे सूत्र प्रत्येक पंचायत सदस्याने पाठ करावे. शाळेतील मुलांकडूनही करून घ्यावे. त्यानुसार या पाणलोटावर हंगामभरात २,०३,२०० घनमीटर पाणी पडेल. त्यातील वाहून तळ्यात येणारे, म्हणजे अपधावाचे पाणी किती ?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधी शोधले गेले आहे. अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने नागपूरजवळच्या लहान पाणलोटांवर प्रत्यक्ष मोजणी करून पावसाचे व अपधावाचे प्रमाण बसविले. पुढे मुंबई इलाख्यातील अनुभवावरून डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आपला तक्ता मांडला. त्यात पाणलोटाचे चांगला, मध्यम व वाईट असे तीन प्रकार केले आहेत. २० इंच पावसाला चांगल्या पाणलोटातून १५ टक्के, मध्यमातून ११.३ टक्के आणि वाईटातून ७.५ टक्के पाणी मिळते, असे हा तक्ता सांगतो. आपल्या उदाहरणातील पाणलोट मध्यम मानला, तर सुमारे २३ हजार घनमीटर पाणी येईल.

आता हाच ५०८ चा आकडा कोणी आज्ञावलीतील 'पाऊस' या रकान्यात भरला आणि तो रकाना एका दिवसाच्या पावसासाठी आहे हे ध्यानात घेतले नाही, तर काय होते ते पाहा. अशा आज्ञावल्या बहुधा अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याची कर्व्ह नंबरची पद्धत वापरतात. बांधबंदिस्ती केलेल्या काळ्या जमिनीचा कर्व्ह नंबर ७९ घेतला, तर त्या पद्धतीने ४३५ मिलीमीटर अपधाव निघतो. म्हणजे पावसाच्या सुमारे ८६ टक्के. स्ट्रेंजच्या तक्त्याने तो ५७ मिलीमीटर येतो. तळ्यात २३ हजारांऐवजी पावणेदोन लाख घनमीटर पाणी येणार असे कागद सांगू लागतो ! आज्ञावलीने येथे काहीच चूक केलेली नाही. वर्षाचा पाऊस एकाच दिवशी कोसळला तर काय होईल, हे तिला विचारले गेले आणि तिने तेच सांगितले.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी आहे. कागदावरील वार्षिक पाण्याला पाणलोटावर पडणाऱ्या एकूण पाण्याने भागावे. सोलापूरसारख्या पावसात आणि शेतजमिनीच्या पाणलोटात हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या फार वर गेलेले दिसले, तर सही करण्यापूर्वी कारण विचारावे.

काळ्या जमिनीचे दोन स्वभाव

खरी अडचण जमिनीच्या रकान्यात आहे. तेथे थोडे सविस्तर थांबणे आवश्यक आहे.

कर्व्ह नंबर म्हणजे जमीन पाणी किती लोटते याचा १०० पर्यंतचा गुणांक. सिमेंटचे अंगण १०० च्या जवळ, दाट गवताची पोचट जमीन पुष्कळच खाली. भारतातील परिस्थितीसाठी जे तक्ते वापरले जातात, त्यांत अतिशय कमी पाणी मुरणाऱ्या गटातील जमीन सरळ तासांनी वाहिलेली असेल तर ९३ आणि तीच जमीन चांगली बांधबंदिस्ती केलेली असेल तर ७९ असा अंक दिला आहे. एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला, तर पहिल्या शेतातून सुमारे ८२ मिलीमीटर आणि दुसऱ्यातून ५४ मिलीमीटर पाणी बाहेर पडेल. माती तीच, पाऊस तोच. फरक आहे तो केवळ ताली धड आहेत की फुटल्या आहेत याचा. उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीचा वापर 'शेती' एवढाच कळतो. ताली कोणत्या अवस्थेत आहेत हे गावच्या माणसालाच ठाऊक असते.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. पाऊस सुरू झाल्याबरोबर पाणी वाहू लागत नाही. आधी जमीन काही पाणी पिऊन घेते, खळगी भरतात, मगच पाणी हलते. हा आरंभीचा वाटा मूळ अमेरिकन पद्धतीत जमिनीच्या कमाल धारणशक्तीच्या दोन दशांश धरलेला आहे, आणि बहुतेक आज्ञावल्यांत तोच आकडा मुळात बसविलेला असतो. भारतातील जमिनींसाठी मात्र वेगळे प्रमाण सुचविलेले आहे. काळी जमीन आधीच्या पावसाने मध्यम किंवा चांगली ओली असेल तर एक दशांश. काळी जमीन कोरडी असेल, तसेच अन्य सर्व जमिनींसाठी, तीन दशांश.

हे असे का, ते सोलापूरच्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात घालावा एवढ्या भेगा पडतात. पहिले पाऊस त्या भेगांतच नाहीसे होतात. ओढ्याला थेंब येत नाही. एकदा का माती फुगून भेगा मिटल्या, की तेच रान तव्यासारखे होते आणि वरचे पाणी वरच वाहून जाते. एकाच जमिनीचे हे दोन स्वभाव आहेत. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून याच मातीचा आणि याच पावसाचा अभ्यास चालत आला आहे.

या एका आकड्याने किती फरक पडतो ? कर्व्ह नंबर ७९ आणि दिवसाचा पाऊस ३० मिलीमीटर घेऊ. एक दशांश धरला तर अपधाव ६ मिलीमीटर निघतो, दोन दशांशला ३.२ आणि तीन दशांशला अवघा १.२ मिलीमीटर. म्हणजे पाचपट अंतर. उलट १०० मिलीमीटरच्या पावसाला हेच आकडे ५४, ४९ आणि ४३ येतात. तेथे फरक मामुली आहे. यावरून एक उपयुक्त खूण मिळते. आज्ञावलीचे उत्तर मोठ्या पावसाला बरे जुळते आणि लहान पावसाला साफ चुकते असे आढळले, तर आरंभीच्या वाट्याचा आकडा तपासावा. आपल्याकडे वर्षातील बहुतेक पाऊस लहान सरींनीच पडतो. त्यामुळे तळे भरण्याच्या हिशेबात ही चूक साचत जाते.

जमीन कोरडी की ओली हे ठरविण्याची रीतही ठरलेली आहे. पिकाच्या हंगामात मागील पाच दिवसांचा एकूण पाऊस ३६ मिलीमीटरहून कमी असेल तर कोरडी, ३६ ते ५३ मध्ये मध्यम, त्यापुढे ओली. संपूर्ण हंगामासाठी एकच अवस्था निवडून टाकणे हे सोयीचे खरे, पण सोलापुरात ते जूनला खोटे ठरते किंवा सप्टेंबरला.

पावसाच्या नोंदीविषयी दोन शब्द. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज नोंदलेला पाऊस हा काल साडेआठपासूनचा असतो. पहाटे सुरू होऊन दुपारी थांबलेली एकच झड त्यामुळे दोन तारखांत विभागली जाते आणि मोठा पाऊस दोन मध्यम पावसांसारखा दिसतो. तसेच तालुक्याच्या ठिकाणचा आकडा दूरच्या गावाला लावण्याची जुनी सवय आता सोडावयास हवी. वळवाचा पाऊस या शिवारात पडतो तेव्हा शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राची नोंद मिळत असेल तर तीच घ्यावी.

सांडव्याचा प्रश्न

आता दुसरा हिशेब. येथे चूक झाली तर तळे कोरडे राहत नाही, फुटते.

लहान पाणलोटाच्या पुरासाठी जी साधी रीत जगभर रूढ आहे, तिचा उगम आयर्लंडच्या मुलव्हेनी या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलेल्या विचारात आहे. पाणलोटाच्या दूरच्या टोकापासून पाणी तळ्यापर्यंत पोचण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळातील पावसाची तीव्रता घ्यावयाची. तिला क्षेत्राने व अपधावाच्या गुणकाने गुणावयाचे. हेक्टर आणि ताशी मिलीमीटर ही मापे असतील तर गुणाकारास ३६० ने भागले की विसर्ग सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो.

आपल्या ४० हेक्टरच्या पाणलोटात सर्वांत लांबचा ओघळ ९०० मीटर आणि उतार शंभर मीटरला एक मीटर आहे असे समजू. किर्पिच यांच्या सूत्राने पाणी पोचण्याचा वेळ सुमारे २२ मिनिटे येतो. या सूत्रात उतार ०.०१ असा भरावयाचा असतो. टक्केवारीचा १ तसाच भरला गेला, तर वेळ चार मिनिटांहूनही कमी निघतो आणि पूर अवाच्या सव्वा फुगतो. ही चूक निदान सुरक्षिततेच्या बाजूची आहे. खर्च वाढतो, पण कोणाचे रान वाहून जात नाही.

याच्या उलट जाणारी चूक मात्र घातक आहे. तीव्रतेचा आकडा हाताशी नसला, की दिवसाच्या पावसाला २४ ने भागले जाते. १०० मिलीमीटर भागिले २४, म्हणजे ताशी ४.२ मिलीमीटर. पण पाऊस चोवीस तास एकसारखा पडत नाही. समजा, त्यातील जोराच्या वीस-बावीस मिनिटांत ताशी ७५ मिलीमीटरचा वेग होता. गुणक ०.५ धरून पहिल्या रीतीने पुराचा विसर्ग सेकंदाला ०.२३ घनमीटर येतो, दुसऱ्या रीतीने ४.१७ घनमीटर. अठरापट ! सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचे पाणी जावे अशी योजना केली, तर रुंद माथ्याच्या सांडव्याच्या नेहमीच्या सूत्राने पहिल्या हिशेबात सांडव्याची लांबी चाळीस सेंटिमीटरहूनही कमी निघते आणि दुसऱ्या हिशेबात सात मीटर. चाळीस सेंटिमीटर म्हणजे एका हातापेक्षाही कमी. ४० हेक्टरच्या ओढ्याचे पाणी एवढ्या फटीतून जाईल काय, हा प्रश्न गुराख्याच्या पोरालाही पडेल. कागदावर मात्र तो आकडा इतर पन्नास आकड्यांच्या गर्दीत बिनबोभाट बसलेला असतो.

हाच दोष दुसऱ्या वाटेनेही शिरतो. काही आज्ञावल्या पुराचा प्रवास टप्प्याटप्प्याने मोजतात आणि टप्पा किती मिनिटांचा हे आपण ठरवावयाचे असते. पाणी २२ मिनिटांत पोचत असता टप्पा एक तासाचा ठेवला, तर पुराचा शेंडा दोन टप्प्यांच्या मध्ये हरवतो. टप्पा निम्मा करून हिशेब पुन्हा चालवावा. उत्तर लक्षात येण्याजोगे बदलले तर आणखी निम्मा करावा. बदलेनासे झाले की थांबावे.

मापे आणि एकके

शेततळ्याच्या मापांतील घोटाळे तुलनेने साधे आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल होते. तिन्ही मापे गुणून २,७०० घनमीटर सांगणे चूक आहे, कारण बाजू तिरप्या असतात. एकास एक उतार धरला तर तळ २४ मीटरचा राहतो आणि क्षमता २,१९६ घनमीटर भरते. उतार आडवा दीड आणि उभा एक घेतला तर क्षमता १,९७१ वर येते. हेच प्रमाण उलटे भरले गेले तर आज्ञावली २,३५६ घनमीटर दाखविते आणि काळ्या मातीत कधीच उभ्या न राहणाऱ्या बाजूंचा नकाशाही काढून देते. पाणी वाढल्याचा आनंद पहिल्याच पावसाळ्यात काठ ढासळून संपतो.

क्षेत्राच्या बाबतीत सात-बाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे आणि परदेशी आज्ञावलीत बहुधा एकर व इंच अशी तिहेरी भाषा चालते. एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात गेला की पाणी अडीचपट होते. उत्तर जवळजवळ नेमके अडीचपट, दहापट किंवा २५.४ पट चुकलेले दिसले, तर प्रथम एककांचा संशय घ्यावा.

पाणलोटाची सीमा संगणक उंचसखलपणाच्या नकाशावरून स्वतः आखतो. परंतु त्या नकाशाचा एक ठिपका साधारणपणे तीस मीटरचा असतो. रस्त्याचा भराव, कालव्याची शाखा, शेताची ताल त्यात दिसत नाही. ज्या माळाचे पाणी नकाशात तळ्याकडे वळते, तेच प्रत्यक्षात रेल्वेच्या भरावाला अडून पलीकडच्या मोरीतून निघून जात असेल. पावसात छत्री घेऊन एकदा ती सीमा चालून येण्याला पर्याय नाही.

शहरात हिशेब आणखी बदलतो. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलावाभोवतीची वस्ती जसजशी वाढली, तसतशी माती छपरांखाली व डांबराखाली गेली. जुना गुणक तसाच ठेवून गटारांचा हिशेब केला, तर पाणी रस्त्यावर येणारच.

चूक शोधण्याची रीत

उत्तर संशयास्पद वाटले, की उतावीळपणे चार आकडे एकदम बदलले जातात आणि मग कशाने काय झाले हे कळत नाही. एका वेळी एकच आकडा बदलावा व प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी. आधी अगदी सोपे, उत्तर ठाऊक असलेले उदाहरण आज्ञावलीला घालून पाहावे : एक हेक्टर फरसबंदी, दहा मिलीमीटर पाऊस. शंभर घनमीटरच्या जवळपास उत्तर आले नाही तर एककांची गफलत आहे. त्यानंतर पाण्याचा ताळेबंद पाहावा. आलेले पाणी, गेलेले पाणी आणि तळ्यात शिल्लक राहिलेले पाणी यांचा मेळ बसलाच पाहिजे. बाष्पीभवन सोडून दिलेले नाही ना, हेही पाहावे. भर उन्हाळ्यात दिवसाला १० मिलीमीटर पाणी उडते असे धरले, तर तीस मीटर चौरस तळ्यातून रोज ९ घनमीटर पाणी नाहीसे होते. महिन्याचे ते २७० घनमीटर होते.

यापलीकडची तपासणी तळ्यावरच होते. गावात आधीचे एखादे तळे असेल तर त्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी उभी करावी. रोज सकाळी साडेआठ वाजता शाळेच्या पर्जन्यमापकातील पाऊस व पट्टीवरील पातळी अशा दोन नोंदी मुलांकडून एका वहीत करवून घ्याव्यात. ६० मिलीमीटर पावसाने ४ हेक्टरच्या पाणलोटातून तळ्यात ४०० घनमीटर पाणी वाढले, तर त्या दिवशीचा अपधाव १० मिलीमीटर झाला, हे सातवीतील मुलगीही काढू शकते. सांडव्यावरून पाणी गेले तर त्याची जाडी आणि ते किती वेळ चालले हेही टिपावे; नाहीतर वाहून गेलेले पाणी हिशेबातून निसटते. एका पावसाळ्यात अशा दहा-बारा नोंदी झाल्या, की त्या शिवारातील जमिनीला कोणता कर्व्ह नंबर जुळतो आणि आरंभीचा वाटा एक दशांश की तीन दशांश, हे त्यांवरूनच उमगू लागते. पुढील तळ्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा ही वही सरपंचांनी अभियंत्यांच्या हाती द्यावी.